बोट उलटेल का, की बोट लागेल?

प्रश्न असा आला आहे: "आईबाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होताहेत. दोघांना मुंबईहून क्रूझवर न्यायचं आहे. आई ६६, बाबा ७१. गोवा करावं की लक्षद्वीप? मुलांना सुट्टी असते म्हणून मेचा शेवटचा आठवडा डोक्यात आहे. बाबा म्हणतात, पाण्यावर दहा मजली चाळ उभी केल्यासारखी दिसते, वाऱ्याने कलंडली तर? त्यांची आजी रेवसची, रामदास बोटीच्या गोष्टी ऐकत ते वाढले. आईला लाल डब्यात कशेडी घाट सुरू व्हायच्या आधीच गाडी लागते. केबिन कुठली घ्यावी? बाल्कनी घेतली तर त्रास कमी होतो का?"

मी इंजिनवाला. सत्तावीस वर्षं जहाजांवर काढली, त्यांतली पहिली तेरा मालवाहू जहाजांवर आणि नंतरची चौदा प्रवासी जहाजांवर. आता मुलुंडला घरी असतो. केबिन विकणं हा माझा धंदा नाही, त्यामुळे जे सांगतो ते इंजिनरूमच्या बाजूने.

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण मला त्यांत दोनच दिसतात. बाबांचा प्रश्न, बोट उलटेल का. आईचा प्रश्न, बोट लागेल का. पहिल्याची काळजी जहाज बांधणाऱ्याने तुमच्या आधी केलेली असते. दुसऱ्याची तुम्हाला करावी लागेल, आणि ती बरीचशी तुमच्या हातात आहे. गंमत अशी की दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. जहाज जितकं जास्त हट्टाने उभं राहतं तितकी बोट जास्त लागते. हे उलटं वाटेल, म्हणून नीट सांगतो.

आधी एक कबूल करतो. तुमच्या आईला त्या तीन दिवसांत नक्की काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. ते त्या आठवड्याच्या समुद्रावर आणि त्यांच्या कानाच्या आतल्या तोलावर अवलंबून आहे. गाडी लागणाऱ्याला बोट लागतेच असं नाही. घाटात गाडी लागणारे माझे दोन सहकारी अटलांटिकच्या वादळात भजी खाताना मी पाहिलेत.

आता बाबांचं. त्यांना हसू नका, त्यांची भीती ऐकीव असली तरी खरी आहे. १७ जुलै १९४७, ऐन आषाढ. रामदास सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. अलिबाग तालुक्यात अशी गावं आहेत जिथे आजही तो दिवस निघाला की बोलणं थांबतं.

ती का उलटली, हे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चारशे टनांच्या आसपासची बोट, वर सातशेच्या घरात माणसं. माणूस पंचावन्न किलोचा धरला तरी अडतीस टनांचं हलतं ओझं. लाटा आत येऊ लागल्या, लोक घाबरून एका बाजूला धावले. पाणीही एका बाजूला, माणसंही त्याच बाजूला. त्या आकाराच्या बोटीला हे पेलणारं नव्हतं.

आजच्या प्रवासी जहाजाचा हिशोब नेमका याच प्रसंगाला धरून केलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सगळे प्रवासी एकाच बाजूच्या कठड्याशी येऊन दाटीवाटीने उभे राहिले, एका चौरस मीटरमध्ये चार माणसं, दर माणशी ७५ किलो, तरी जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. जोरात वळण घेतानाही तीच मर्यादा. हे कागदावर दाखवल्याशिवाय जहाजाला प्रमाणपत्र मिळत नाही. मुंबईहून गेली काही वर्षं चालणारी 'एम्प्रेस' घ्या. लांबी २११ मीटर, दोन हजारांच्या आसपास माणसं. सगळी एका बाजूला आली तर दीडशे टन होतील. त्या जहाजाचं स्वतःचं वजन हजारो टनांत आहे. बाबांना दहा अंश म्हणजे किती ते दाखवायचं असेल तर पाटाखाली एका बाजूने चार बोटं सरकवा. पेला सरकेल, माणूस पडणार नाही.

जाता जाता, जाहिरातीत टनांचे आकडे वाचून गोंधळू नका. 'एम्प्रेस' ४८,५६३ टनांची, परदेशातलं अवाढव्य क्रूझ जहाज 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ टनांचं असं लिहितात. ते वजन नाही. जहाजाच्या आतली एकूण बंदिस्त जागा मोजून सूत्राने काढलेला तो आकडा आहे. फ्लॅटचा कार्पेट एरिया जसा इमारतीचं वजन सांगत नाही, तसंच हे.

मग वीस मजल्यांचं 'आयकॉन', आणि पाण्याखाली जेमतेम नऊ मीटर, ते उभं कसं राहतं? लोक म्हणतात तळाला वजन असतं, पाडली तरी उभी राहणाऱ्या बाहुलीसारखं. अर्धं खरं आहे. इंजिनं तळाला, एकेक दोनशे टनांच्या घरातलं. इंधन, गोडं पाणी, सांडपाणी, सगळं तळाशी. आपल्या गलबतांत दगडांचं नीरम टाकायचे, इथे टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. वरचे मजले मात्र पातळ पत्र्याचे, आणि केबिनी कारखान्यात तयार होऊन खोक्यांसारख्या आत सरकवलेल्या. पण एवढं करूनही क्रूझ जहाजाचा गुरुत्वमध्य बहुतेक वेळा पाण्याच्या रेषेच्या वरच असतो. बाहुलीचं तसं नसतं.

खरी करामत रुंदीची आहे. न्हाणीघरात बादली भरून करून बघा. लाकडाचा उभा ठोकळा पाण्यात टाकला की आडवा होतो. पाट टाका आणि त्यावर मधोमध तांब्या ठेवा, पाट कलतो पण उलटत नाही. कारण पाट एका बाजूला कलला की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकून त्याला परत उचलतो. जहाज जितकं रुंद तितका हा जोर लवकर आणि लांब सरकतो. जोपर्यंत तो गुरुत्वमध्याच्या पलीकडे, कललेल्या बाजूला सरकतो, तोपर्यंत जहाज परत उभं राहतं. जरा कललेल्या जहाजावर या जोराची सरळ वर जाणारी रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या किती वर आहे, त्या मापाला आम्ही जीएम म्हणतो. इंजिनकंट्रोलरूममध्ये रोज तेल आणि पाण्याच्या टाक्यांचे आकडे भरून ते काढलं जातं, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कळवलं जातं, आणि कमीत कमी किती असलं पाहिजे त्याचा तक्ता भिंतीवर असतो.

हा आकडा फक्त संगणकातून येत नाही. जहाज बांधून झालं की गोदीत शांत पाण्यावर, सगळ्यांना खाली उतरवून, मोजकी वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात. जहाजात लांब दोरीचे लंबक टांगलेले असतात, खाली तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवलेले म्हणजे उगाच हलू नयेत. किती वजन सरकवल्यावर लंबक किती मिलिमीटर सरकला यावरून जीएम निघतं. अब्जावधींच्या जहाजाची शेवटची परीक्षा दोरी आणि बादलीने होते, हे मला आजही आवडतं.

वाऱ्याचं म्हणाल तर बाबा चूक नाहीत. उंच बाजू शिडासारखा वारा धरते. फ्रान्सच्या दक्षिणेला लायनच्या आखातात मिस्ट्राल वारा सुटला की आमचं जहाज तीन अंशांवर कलून तसंच चालत राही. एकदा वरच्या तलावाचं पाणी एका काठावरून ओसंडायला लागलं, एक बाई पासपोर्ट गळ्यात अडकवून लाइफजॅकेटसह स्वागतकक्षाशी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही खाली काय केलं? एका बाजूच्या टाकीतलं पाणी पंपाने दुसऱ्या बाजूच्या टाकीत नेलं. वीस मिनिटांत सूप वाटीत सरळ.

तुम्ही म्हणाल, मग कोस्टा कोंकॉर्डिया आडवी कशी झाली? १३ जानेवारी २०१२, इटलीचं जिल्यो बेट, ३२ मृत्यू. ती वाऱ्याने किंवा उंचीने उलटली नाही. किनाऱ्याच्या अति जवळून नेताना खडकाने पाण्याखालचा पत्रा फाडला आणि एकापाठोपाठ एक अनेक कप्पे भरले. तळ फाटला तर कुठलंही जहाज संकटात येतं, इथे हमी देणारा माणूस खोटं बोलतो. त्या रात्रीतून एक मोठा बदल झाला. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांचा संकटकाळचा सराव झालेलाच नव्हता. आता तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावाच लागतो. तेव्हा आईबाबांना त्या सरावाला न्या, 'आम्ही बसतो इथेच' म्हणू देऊ नका. बोटी आणि तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांपेक्षा सव्वापट जागा असते, पण आपली जागा कुठली हे पायांना माहीत असलं पाहिजे.

आता आईचा प्रश्न.

माझं पहिलं जहाज मुरगावला लोहखनिज भरून जपानला निघालं होतं. खनिज इतकं जड की गोदामं अर्धी रिकामी दिसतात, सगळं ओझं तळाला. जीएम भलतंच मोठं. उलटायचा प्रश्नच नाही, इतकं स्थिर. आणि त्याच जहाजावर मी चार दिवस बादली मिठीत घेऊन पडलो होतो. कारण जास्त जीएमचं जहाज लाटेने जरा कललं की झटक्याने परत उभं राहतं, आठ-नऊ सेकंदांत इकडून तिकडे. माणसाचं पोट त्याला तयार नसतं. प्रवासी जहाजाचा आराखडा काढणारा म्हणून मुद्दाम जीएम माफक ठेवतो. सुरक्षेला पुरून उरेल एवढं हवंच, पण वर उगाच नको. तीसेक मीटर रुंदीच्या जहाजाला दोन मीटरच्या आसपास जीएम असलं की ते सतरा-अठरा सेकंदांत एक डोल पुरा करतं, झुल्यावरच्या आजीसारखं. बाबांना जे हळूहळू कलणं 'आता पडतंय' असं वाटेल ते आईच्या पोटासाठी ठेवलेलं आहे, हे त्यांना सांगा.

डोल आणखी कमी करायला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर. विमानाच्या पंखासारखेच, लाटेप्रमाणे कोन बदलत एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली ढकलतात. चांगल्या वेगात डोलणं पुष्कळ मारतात, बनवणारे ऐंशी-नव्वद टक्के सांगतात. पण दोन गोष्टी ब्रोशरमध्ये नसतात. एक, जहाज थांबलं की ते पंख जवळजवळ निरुपयोगी, कारण वरून पाणी वाहतच नाही. दोन, ते फक्त डावी-उजवी डोल कमी करतात. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर जाऊन आपटणं आणि सगळं जहाज लिफ्टसारखं वरखाली होणं, याला त्यांच्याकडे उपाय नाही. आणि बोट लागते ती मुख्यतः या वरखालीमुळे. पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली, ही लय माणसाला सगळ्यात वाईट.

म्हणून केबिन. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या माणसाला विचारा, खड्डा सगळ्यांना सारखा असतो का. जहाज पुढून-मागून झुलतं तेव्हा मधला भाग जवळजवळ जागीच राहतो, टोकं वर-खाली जातात. डोलताना खालचा भाग कमी हलतो, वरचा मजला जास्त झोके घेतो. म्हणजे आईसाठी जागा एकच, मधोमध आणि जमेल तितकी खाली. बाल्कनी बहुधा वरच्या मजल्यांवर असते. ती घेतली तर क्षितिज दिसतं हा फायदा, झोका जास्त बसतो हा तोटा. शांत महिन्यात फायदा जिंकतो, खवळलेल्या समुद्रात तोटा. मला विचाराल तर खालच्या मजल्यावर मधोमध, बंद काचेची खिडकी असलेली. बिनखिडकीची केबिन स्वस्त असते आणि झोप छान लागते, पण उलटीची भावना आली तर डोळ्यांना टेकायला क्षितिज नसतं. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो भिंत स्थिर आहे, आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो.

बुकिंग करताना डेकचा नकाशा मागवा आणि तुमच्या खोलीच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज. खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत ढुमढुम. अगदी पुढची केबिन नको, झोके सोडा, तिथे बंदरात शिरताना जहाजाला आडवं ढकलणारे पंखे चालू होतात आणि सगळा पलंग थरथरतो. लिफ्टपासून दोन-चार दारं लांब, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना सोपं आणि लिफ्टची घंटी कानाशी नाही.

पण केबिन हा तिसरा निर्णय आहे. त्याआधी महिना, मग मार्ग. महिना चुकला तर मधली केबिन तुम्हाला वाचवणार नाही.

मेचा शेवटचा आठवडा मी घेणार नाही. त्या सुमाराला बहुधा पाऊस आलेला नसतो, आकाश निळंशार असतं, आणि तरी दक्षिणेकडून लांब लाटा यायला लागलेल्या असतात. अरबी समुद्रातली मान्सूनपूर्व वादळंही याच काळात. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या बाजूने गेलं तेव्हा समुद्राची अवस्था काय होती ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. मोठं जहाज वादळात शिरत नाही, ते लांब पळतं, मार्ग बदलतं. म्हणजे जिवाला धोका नसला तरी गोव्याच्या नावावर तुम्ही तीन दिवस समुद्रात फिरून बॅलार्ड पिअरलाच परत याल. तिकिटाच्या बारीक अक्षरांत हा हक्क त्यांनी राखलेला असतो.

जून ते ऑगस्ट तर विषयच नको. मांडव्याच्या लाँचा बंद असतात, कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून जाळी विणतात, ते काही आळस म्हणून नाही. मुंबईहून गोव्याकडे जाणारं जहाज जवळपास दक्षिणेला तोंड करून जातं आणि नैर्ऋत्य मान्सूनच्या तीन-चार मीटरच्या लाटा त्याच्या उजव्या कुशीवर सरळ आडव्या येतात. डोलण्यासाठी याहून वाईट कोन नाही. म्हणून 'एम्प्रेस'सारखं जहाज पावसाळ्यात चेन्नईकडे जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करताना दिसलं, तर नवल वाटायला नको. जगभर हेच चालतं. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅरिबियन. जहाज हे पाय असलेलं हॉटेल आहे, हवा बिघडली की उठून जातं.

नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, पण मी तुम्हाला तेव्हाही थांबा म्हणेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा एखादं वादळ होऊ शकतं. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत मात्र अरबी समुद्र आपल्या किनाऱ्याशी तळ्यासारखा असतो. पहाटे जमिनीवरून हलका मतलई वारा, दुपारी उत्तरेकडून थोडा. कधी कधी आखातातल्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात, पण जाताना त्या पाठीमागून येतात आणि जहाजाला नुसतं झुलवतात. लग्नाचा वाढदिवस मेमध्ये असेल तर तो जानेवारीत साजरा करा. पंचेचाळीस वर्षांत आठ महिने इकडेतिकडे चालतात.

मार्ग. गोवा म्हणजे सव्वादोनशे सागरी मैल, एका रात्रीचं काम. सकाळी मुरगावच्या धक्क्याला जहाज लागतं, शिडीवरून उतरायचं, गाडीत बसायचं. त्रास झालाच तर बारा तासांत पाय जमिनीला. लक्षद्वीप दिसायला शंभरपट सुंदर आहे, मी मान्य करतो. पण ते पाचशे मैलांच्या आसपास आहे, आणि तिथे एवढ्या जहाजासाठी धक्का नाही. जहाज बेटापासून लांब थांबतं आणि तुम्हाला छोट्या बोटीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. आता मघाचं आठवा, जहाज थांबलं की पंख काम करत नाहीत. जहाज डोलतंय, छोटी बोट त्याच्या कुशीला वर-खाली होतेय, आणि बाबांना ती वर आली की पाऊल टाकायचंय. खलाशी दोन्ही दंडांना धरतात, नव्वद टक्के लोक हसत पार करतात. पण दुखऱ्या गुडघ्याचं पाऊल अर्ध्या सेकंदाने उशिरा पडतं. लाट मोठी असेल तर उतरवणंच रद्द होतं आणि बेट कठड्यावरून बघून परत यावं लागतं. बाबा रोज शिवाजी पार्कला पाच फेऱ्या मारणारे असतील तर जानेवारीत लक्षद्वीप जरूर करा. जिना उतरताना कठडा धरणारे असतील तर गोवा. हे तुम्हीच ठरवू शकता, मी इथे बसून नाही. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. तो कोण काढतंय आणि कधीपर्यंत, हे बुकिंगच्याच वेळी विचारून ठेवा.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण बाबा विचारतील, कारण ते गूगल करणारच. 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समधल्या सँ-नझेरला बांधलेली आहे. एवढं जुनं जहाज? जहाजाच्या वयाला मी गाडीच्या वयासारखं बघत नाही. प्रवासी जहाजाची पाहणी दर वर्षी होते, आणि पाच वर्षांत किमान दोनदा कोरड्या गोदीत घेऊन तळ तपासतात. शिवाय दर पाच वर्षांनी रिकाम्या जहाजाचं वजन पुन्हा काढतात. कारण रंगाचे थर, नवे गालिचे, वाढवलेली स्वयंपाकघरं, कोणीतरी वर बसवलेली घसरगुंडी, हे सगळं हळूहळू वर साचत जातं. दोन टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर लंबक-बादलीची परीक्षा पुन्हा. जुन्या जहाजात तुम्हाला कमी मिळतात त्या सोयी. नव्या जहाजांच्या शेपटाला पॉड असतात, म्हणजे जहाज ढकलणारे, लटकते आणि चहूबाजूंनी फिरणारे पंखे, त्यामुळे थरथर कमी आणि धक्क्याला लागणं सोपं. १९९८ मध्ये ते पहिल्यांदा क्रूझ जहाजावर आले. १९९० च्या जहाजावर लांब दांड्याचे पंखे, म्हणून मागच्या टोकाच्या केबिनीत रात्री पेला वाजतो. मधोमध घ्या म्हणण्याचं हे आणखी एक कारण. आणि 'आयकॉन'सारखी ३६५ मीटरची धूडं मुंबईत का येत नाहीत असं कोणी विचारलं तर आपल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं माप ३०० मीटर लांबीपर्यंतचं आहे.

ते टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे पूर्वीसारखं मांडवाखाली घाम गाळत उभं राहणं गेलं. तरी एक लक्षात ठेवा. मुंबईच्या बंदरात उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, आणि जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं, धक्का होत नाही. त्यामुळे चढायच्या शिडीचा उतार वेळेप्रमाणे बदलतो. उतार फार वाटला तर दहा मिनिटं थांबून व्हीलचेअर मागा, लाजू नका. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या. मोठी बॅग केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, रुग्णालय नसतं.

आईसाठी उलटीची गोळी घ्यायची तर ती उलटी सुरू झाल्यावर नाही, सुटायच्या तासभर आधी. कुठली, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांना त्या चालत नाहीत. बाबांनाही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. उपाशी राहायचं नाही. उपाशी राहिलं की उलटी होत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. रिकामं पोट जास्त ढवळतं. कोरडी चपाती, बिस्किट, हिरवं सफरचंद, आणि पर्समध्ये आल्याच्या वड्या. इंजिनरूममधले आम्ही लोक त्यावरच जगलो. केबिनमध्ये झोपून मोबाईल बघणं बंद. मधल्या डेकवर उघड्या हवेत उभं राहायचं आणि लांबवर नजर ठेवायची.

समुद्र बिघडणार की नाही हे घोषणेआधी ओळखायची आमची एक खूण सांगतो. वरच्या तलावातलं पाणी काढून वर जाळी घातली आणि जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या, की रात्री जहाज नाचणार. त्या दिवशी आईला संध्याकाळी सातला हलकं जेवू घाला आणि गोळी द्या. तलाव भरलेला असेल तर निश्चिंत राहा.

माझ्या आईला नेलं होतं तेव्हा मी हेच केलं. जानेवारीचा दुसरा आठवडा, गोवा, खालून दुसऱ्या मजल्यावरची मधली खिडकी. तिला काही झालं नाही. ती दोन्ही रात्री बुफेवर शिरा नाही म्हणून कुरकुरत होती, तेवढंच.

आणि बाबांसाठी एक. जहाज संध्याकाळी सुटलं की त्यांना जेवायला नेऊ नका. बाहेरच्या डेकवर डाव्या बाजूला उभं करा. उजवीकडे प्रोंग्सचा दीपस्तंभ मागे पडतो, आणि डाव्या बाजूला अंधारात करंजा, मांडव्याचे दिवे आणि थोडं पुढे खांदेरीचा दिवा लुकलुकताना दिसतो. काशाचा खडक त्याच्या अलीकडेच आहे, दिसणार नाही, पण कुठे ते त्यांना माहीत असेल. तिथून जाताना त्यांना काही बोलायचं असेल तर बोलू द्या. हातात चहाचा कप द्या आणि त्यातला चहा किती हलतो ते त्यांनाच बघू द्या.